टाचणीताई आणि न सापडलेलं नाव

टाचणीताईंचं खरं नाव आमच्या ऑफिसात फक्त दारातल्या हजेरीच्या यंत्राला माहीत होतं. साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत बाकी सगळे त्यांना टाचणीताईच म्हणायचे. त्यालाही कारण होतं. कुठलाही प्रोग्राम बंद पडला की तो मरताना जो संदेश टाकून जातो, तो त्या कागदावर छापून घेत आणि खुर्चीमागच्या बोर्डावर टाचणीनं लावून ठेवत. कारण सापडेपर्यंत टाचणी निघत नसे. प्रोग्राम परत चालू झाला का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. का बंद पडला होता, हे कळलं पाहिजे. बोर्डावरचा सगळ्यात जुना कागद अकरा महिन्यांचा होता आणि रोज आल्या आल्या त्या त्याच्याकडे एकदा बघून घेत.

वय सत्तावन्न. बुटक्या, अंगानं सडसडीत. दोन चष्मे, एक स्क्रीनचा आणि एक कागदाचा, आणि नाकावर नेहमी नको असलेला. टेबलावर एक पोलादी पट्टी असायची. छापलेल्या कागदावर ती आडवी ठेवून त्या एकेक ओळ वाचत. ओळ संपली की पट्टी खाली सरके. आमचं काम पॅकिंगच्या कारखान्यांतल्या वजनकाट्यांचे आणि लेबल छापणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिण्याचं. कामाला सगळी तरणीताठी पोरं, आणि आमच्या मधोमध ही बाई पट्टी सरकवत बसलेली. पहिले सहा महिने मी त्यांची भरपूर टिंगल केली. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं केली, हे आता सांगताना लाज वाटते.

कारण मी त्यांच्या बरोबर उलटा. माझा सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. काही बिघडलं की हे बदलून बघ, ते काढून टाक, सगळं पुसून परत बसव. दहातल्या सात वेळा चालतं. उरलेल्या तीन वेळा मी यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. एकदा माझी अशीच चिडचिड चालू असताना ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्याच्यावर कशाला ओरडतोस? त्याला विचार की."

"कोणाला विचारू?"

"जो शोधतोय त्याला. तो कुठे कुठे शोधून आला, ते तो सांगतो. आपण विचारत नाही, एवढंच."

मी मान डोलावली आणि सगळं पुसून परत बसवलं. चाललं. ताई जागेवर गेल्या.

ताई मुळात संगणकवाल्या नव्हेतच. बारा वर्षं त्या टेलिफोनच्या चौकशी खिडकीवर होत्या. खिडकी म्हणायची एवढंच. खरं तर एका लांब हॉलमध्ये कानाला यंत्र लावून बसलेल्या चाळीस बायका. लोक फोन करून नाव सांगत, या बायका डिरेक्टरीत बघून नंबर देत. दिवसाला सहाशे-सातशे नावं. मग ते काम यंत्रं करायला लागली आणि हॉल बंद झाला. ताईंची मुलगी तेव्हा पाचवीत होती, नवरा बस चालवायचा. सकाळी स्वयंपाक उरकून, बत्तिसाव्या वर्षी, ताई अठरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात संगणक शिकायला जाऊन बसल्या. सर त्यांना म्हणाले होते, "ताई, तुम्हाला हे जड जाईल." जड गेलंच. पण एके दिवशी सरांनी सांगितलं की प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही, दुसऱ्यांकडच्या कामांची नुसती नावं बाळगतो, आणि चालू व्हायच्या वेळी लोडर नावाचा कोणीतरी त्या नावांचे पत्ते शोधून देतो. ताई सांगायच्या, "अंगावर काटा आला रे माझ्या! म्हटलं, हे तर माझंच काम. मी गेले आणि माझ्या जागी आत एक बसलाय."

हे त्यांनी मला सांगितलं ते पुष्कळ नंतर. आधी दादाचं सांगायला हवं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवायचा. त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा, असं त्याची पोरं म्हणायची. आठ वर्षांपूर्वी त्याला स्नायूंचा आजार झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी पाय जातील, मग हात, आणि वाचा वर्षभरात. दादानं दोन दिवस विचार केला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, "आवाज आहे तोवर साठवून ठेवू." बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला गादी लावून आम्ही अकरा दिवस बसलो. तो शब्द बोलत गेला, मी नोंदवत गेलो. दोन हजार तीनशे शब्द. वहिनी दर तासाला कोमट पाणी घेऊन यायच्या.

त्या आवाजावर मी एक प्रोग्राम लिहिला. दादानंच त्याचं नाव 'बोलका' ठेवलं. दादा स्क्रीनवर अंगठ्यानं शब्द निवडायचा आणि बोलका ते त्याच्याच आवाजात, एकापुढे एक जोडून बोलायचा. वाचा गेली, पण घरात दादाचा आवाज राहिला. वहिनींवर खेकसायचा, माझी अक्कल काढायचा, शिकवणीला येणाऱ्या पोरांना रागवायचा, सगळं त्यातूनच. सात वर्षं झाली. मधल्या काळात माझी डिस्क जळाली आणि बोलक्याचा मूळ मजकूर, म्हणजे मी हातानं लिहिलेला प्रोग्राम, कायमचा गेला. उरली ती फक्त कंपाइल झालेली, माणसाला वाचता न येणारी फाइल. पण चालत होतं ना, मग मी कशाला काळजी करतोय.

मग दादाचा जुना संगणक अखेरच्या घटका मोजायला लागला, म्हणून मी नवा आणला. एकही फाइल मागे राहू नये म्हणून माझ्याकडच्या जुन्या बॅकअपमधूनसुद्धा सगळं त्यावर ओतलं. बोलका उघडला. 'हो' म्हणाला, 'पाणी' म्हणाला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. दादानं एक आख्खं वाक्य निवडलं, आणि बोलका फटकन बंद पडला. परत उघडला, परत तेच. जुना संगणक तोवर गतप्राण झाला होता.

नऊ दिवस मी झटलो. पुसलं, बसवलं, बदललं, शिव्या घातल्या. शेवटी हात टेकले आणि बाजारात तयार मिळणारा बोलणारा प्रोग्राम बसवून दिला. छान, गुळगुळीत, बातम्या देणाऱ्यासारखा आवाज. दादानं एक वाक्य बोलून बघितलं. मग त्या आवाजातून त्यानं मला सांगितलं, "हा माणूस कोण आहे? याला घराबाहेर काढ." मी हसलो. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला उशिरा दिसलं. त्यानंतर त्यानं तो प्रोग्राम एकदाही उघडला नाही. 'हो', 'नाही', 'पाणी', एवढ्यावरच राहिला. शिकवणीच्या पोरांना सुट्टी दिली. आजारानं जे सात वर्षांत झालं नव्हतं ते मी नऊ दिवसांत करून दाखवलं होतं. दादाला मुका केला होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडताच बसलो होतो. ताई समोर येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बोलका मरताना काय म्हणाला?"

"काहीतरी सापडलं नाही म्हणतो."

"काहीतरी नको. तुझे शब्द नकोत, त्याचे सांग."

मी फोनवरचा फोटो दाखवला. अमुक नाव शोधलं, मिळालं नाही, असा संदेश होता. ते नाव होतं 'वाक्यजोड'. शब्द एकापुढे एक जोडणाऱ्या भागाला मीच दिलेलं नाव. ताईंनी चष्मा बदलला, फोटो बघितला, परत पहिला चष्मा लावला. "रविवारी येते," म्हणाल्या. "कागद आहेत का घरी? नाहीतर मी आणते."

रविवारी सकाळी दहाला त्या पट्टी आणि कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून दादाकडे हजर. दादा खिडकीशी त्याच्या चाकाच्या खुर्चीत बसला होता. शेजारच्या खोलीत वहिनींचं शिवणाचं यंत्र चालू होतं. त्या लोकांचे कपडे शिवून देतात. मी सरळ संगणकाकडे निघालो होतो. ताई आधी दादाकडे गेल्या, त्याच्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या यंत्राला हात लावू का?" नऊ दिवसांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. दादानं अंगठा उचलला.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. कुठला शब्द बोलतो? कुठला नाही? एक शब्द किती वेळा बोलला तरी चालतं? दोन शब्द? दोन शब्दांवर बंद पडायचं. ताई पेन्सिलीनं लिहून घेत होत्या.

"म्हणजे चालू होताना त्याची काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "वाक्य जोडायची वेळ आली की मग तो शोधायला जातो, आणि तेव्हा मिळत नाही."

"पण चालू होतानाच का नाही शोधत?" मी म्हणालो. मला हे माहीत असायला हवं होतं. शिकलो होतो, विसरलो होतो.

"आळशी आहे," ताई म्हणाल्या. "शहाणा आळशी. ज्याची गरज पडेल त्याचाच पत्ता काढतो. डिरेक्टरीतल्या सगळ्या नंबरांना आपण सकाळी उठून फोन करतो का?"

दादाचा अंगठा हलला. त्याला उदाहरण आवडलं होतं. मास्तरच तो.

ताईंनी लोडरला एक सूचना दिली: जे जे शोधशील, जिथे जिथे जाशील, ते सगळं लिहून ठेव. मग बोलका उघडला, 'हो' म्हणायला लावलं, बंद केला आणि ती नोंद छापायला टाकली. दादाचा छोटा प्रिंटर गुरगुरायला लागला. पाच पानं, दहा पानं, वीस. मला वाटलं काहीतरी अडकलंय. अडतीस पानं झाली तेव्हा तो थांबला.

मी ती पानं हातात घेतली आणि खरं सांगतो, थक्क झालो. एका 'हो'साठी! दादानं अंगठा टेकवला आणि 'हो' ऐकू आलं, यांच्यामध्ये आपल्याला दिसायला काहीच नाही. आणि तेवढ्यात हा कोणीतरी दोन हजारांवर चौकशा करून आला होता. हे नाव तुमच्याकडे आहे का? नाही. तुमच्याकडे? नाही. तुमच्याकडे? आहे. मग पुढचं नाव. प्रत्येक नाव घेऊन पहिल्या दारापासून ओळीनं. चुकला नाही, कंटाळला नाही, कोणावर खेकसला नाही. सात वर्षं, दादाच्या प्रत्येक हाकेला. मी हा प्रोग्राम लिहिला होता, आणि माझ्याच प्रोग्रामच्या पोटात रोज हे चालतं याचा मला पत्ता नव्हता.

"सुंदर आहे ना?" ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांनी पट्टी ठेवली. मी मोठ्यानं वाचायचं, त्या पट्टी सरकवणार. पहिल्या पानावर मला वाटलं, हे कसलं बालवाडीचं काम. तिसऱ्या पानावर माझं लक्ष उडालं आणि मी दोन ओळी गाळल्या. पट्टी जागची हलली नाही. "राहिल्या," ताई म्हणाल्या. मी मागे जाऊन वाचल्या. सहाव्या पानावर लोडर आवाजाची लायब्ररी, म्हणजे बोलक्याला लागणारी कामं मी जिच्यात लिहून ठेवली होती ती फाइल, शोधत होता, आणि ती त्याला ज्या फोल्डरमध्ये मिळाली त्याचं नाव वाचताना माझीच जीभ अडखळली.

"तात्पुरतं," मी वाचलं.

"हे काय आहे?"

माझे कान तापले. ते फोल्डर माझं होतं. सात वर्षांपूर्वी, बोलका अर्धवट असताना, लायब्ररीची एक जुनी प्रत मी तपासणीसाठी तिथे ठेवली होती आणि सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली होती: आधी इथे बघ. काम झाल्यावर फोल्डर उडवलं. ओळ काढायची राहिली. त्यानंतर सात वर्षं लोडर रोज आधी त्या पत्त्यावर जाई, तिथे काहीच नसे, मग तो निमूट पुढच्या दारी जाई आणि चांगली लायब्ररी घेऊन येई. आणि आता मी, एकही फाइल मागे राहू नये म्हणून, जुन्या बॅकअपमधून ते फोल्डरही परत आणून त्याच जागी ठेवलं होतं. त्या जुन्या प्रतीत एकेक शब्द बोलायची सोय होती. वाक्यजोड मी तेव्हा लिहिलंच नव्हतं.

"घरात जुनी डिरेक्टरी वर ठेवली आणि नवी खाली," ताई म्हणाल्या. "माणूस हाताला येईल ती उघडतो. त्याची काय चूक?"

माझी चूक होती, आणि मी ती दादाकडे बघून कबूल केली. शहाणपणा नडला म्हणालो. ताईंनी ती ओळ मला स्वतःच्या हातानं काढायला लावली.

मी बोलका उघडला आणि दादाची खुर्ची स्क्रीनपुढे नेली. दादाचा अंगठा सावकाश फिरत होता. एक शब्द, दुसरा, तिसरा. मग खोलीत दादा बोलला, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्याच्या आवाजात:

"वर्गात असतास तर तुला बाकावर उभा केला असता."

शिवणाचं यंत्र थांबलं. वहिनी दारात आल्या, गळ्यात मोजायची टेप, आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या राहिल्या. "आले का?" एवढंच म्हणाल्या, जणू दादा बाहेरगावी गेला होता. दादा म्हणाला, "आलो. चहा कर. पाहुण्या आहेत." वहिनी डोळे पुसत आत गेल्या आणि चहा ठेवून परत यंत्रावर बसल्या; यंत्र नेहमीपेक्षा भरभर चालत होतं.

माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. मी कागद गोळा करायला लागलो. ताई मात्र उठल्या नाहीत.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"आता काय राहिलं?"

"तो गरज पडेल तेव्हाच शोधतो. म्हणजे ज्याची आजवर गरज पडली नाही, ते आहे की नाही कोणाला माहीत? सर महत्त्वाचं काही बोलत असतील आणि तेव्हाच नाही सापडलं तर? आज सगळी नावं सुरुवातीलाच शोधायला लावू. नसेल तर आत्ता कळू दे."

मी वैतागलो. "ताई, चालतंय ना! इतक्या दिवसांनी माणूस बोलायला लागलाय. कशाला उकरून काढता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. दादानं अंगठा उचलला. दोन मास्तर एका बाजूला झाल्यावर मी काय बोलणार?

ताईंनी लोडरला नवी सूचना दिली: आळस नको, सगळे पत्ते आधी. बोलका उघडायला गेला, आणि उघडलाच नाही. स्क्रीनवर एकच ओळ होती. अमुक नाव शोधलं, मिळालं नाही.

ते नाव होतं 'हसू'.

ताईंनी विचारलं, "हे कशाचं?" मला आधी आठवेचना. मग आठवलं. नोंदणीच्या अकराव्या दिवशी मी घाईत वायरीत पाय अडकून पाण्याच्या तांब्यावर पडलो होतो, आणि दादा हसला होता. यंत्र चालूच होतं. ते हसू मी पुसलं नाही. बोलक्यात कोपऱ्यात एक कळ ठेवली. ती दाबली की ते हसू वाजावं. त्याचा भाग मी वेगळ्या छोट्या लायब्ररीत लिहिला होता, आणि दादाच्या संगणकावर बसवताना ती लायब्ररी न्यायचंच विसरलो होतो. सात वर्षं बोलका एक नाव घेऊन फिरत होता ज्याला पत्ताच नव्हता. कोणी कळ दाबली नाही, म्हणून कोणी शोधलं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. असं मला वाटलं.

ताईंनी ती सूचना काढून बोलका परत चालू केला आणि दादाला विचारलं, "सर, ही कोपऱ्यातली कळ कधी दाबली होती?"

दादाचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. मग त्याचा आवाज आला.

"एकदा. पहिल्या महिन्यात. ही काहीतरी गमतीचं सांगत होती. दाबली आणि बंद पडलं. वाटलं तेवढं हसू राहून गेलं असेल. परत नाही दाबली."

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच.

"तू एवढं केलं होतंस. त्यात हसू कुठे मागायचं?"

सात वर्षं हा माणूस विनोद करत होता, टोमणे मारत होता, आणि दुसऱ्याच्या विनोदावर गप्प बसत होता. आम्हाला वाटायचं आजारानं गंभीर झालाय. वहिनींनी तर त्याला गमतीचं काही सांगणंच हळूहळू सोडून दिलं होतं.

ताई कामाला लागल्या होत्या. हसूची नोंद शब्दांच्या फोल्डरमध्ये होती, आम्ही फाइल बघितली, चार सेकंदांची. हरवलं होतं ते फक्त वाजवणारं काम. कंपाइल झालेल्या फाइलच्या आत, जिथे मला नुसते आकडे दिसत होते, तिथे ताईंनी पट्टी ठेवून ती जागा शोधली जिथून बोलका हसूला हाक मारतो. "तो त्याला काही देत नाही, त्याच्याकडून काही परत मागत नाही," त्या म्हणाल्या. "नुसती हाक मारतो. म्हणजे सोपं आहे. लिही. नाव मात्र अक्षर न् अक्षर तेच ठेव." मी लिहिलं. बारा ओळी. कंपाइल केलं, लोडरला सांगितलं की ही छोटी लायब्ररीही सोबत घे. ताईंनी पुन्हा सगळे पत्ते आधी शोधायला लावले. बोलका उघडला. दोन हजारांवर नावं, सगळी सापडलेली. ताईंनी चष्मा काढून पुसला.

"सर," त्या म्हणाल्या, "दाबा."

दादानं अंगठा कोपऱ्यापाशी नेला आणि तिथे थांबला. मग टेकवला.

आधी नाकातून एक फुस्स आलं. मग दाबून धरलेलं, मग न आवरलेलं, मोठ्ठं, भिंतींना भरून उरणारं हसू, आणि शेवटी एक लांब श्वास. ते आठ वर्षांपूर्वीचं होतं आणि आत्ताचं होतं. मी रडलो. लपवायला जागा नव्हती आणि मला लपवायचंही नव्हतं.

वहिनी दारात होत्या. त्या कधी आल्या, मला कळलं नाही. हातात कोणाची तरी अर्धी शिवलेली बाही होती. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही?"

दादानं परत दाबलं. वहिनी चौकटीला टेकून हळूहळू खाली बसल्या आणि ती बाही तोंडावर धरून त्याच्याबरोबर हसायला लागल्या.

ताईंनी पट्टी, कागद, दोन्ही चष्मे पिशवीत भरले. निघायला म्हणून उभ्या राहिल्या आणि परत खुर्चीत बसल्या.

"आणखी एकदा दाबा, सर," त्या म्हणाल्या. "एकदा-दोनदा चाललं म्हणून खात्री धरता येत नाही."

दादानं दाबलं.

"आणखी एकदा."

तपासायचं आता काही उरलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. दादानं एकूण सात वेळा दाबलं, आणि सातही वेळा ताई डोळे मिटून शेवटच्या श्वासापर्यंत ऐकत राहिल्या.